साखराबाईच्या सुनेची साखर

ज्याच्या घराची ओटी रस्त्याला लागून असते, त्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपले आपण येऊन ओटीवर बसतात, वर चहा मागतात. आमचं घर शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून जी खोली आहे ती गेल्या दोन वर्षांपासून शुगरवाल्यांकडे आहे. म्हणजे मला तर दोन वर्षं टीव्ही लावायचीच गरज पडली नाही.

शुगरवाले म्हणजे कोण, ते सांगते. एक डॉक्टर मॅडम, पुण्याच्या, वयानं अगदी लहान, चालताना जमिनीकडे बघत चालणाऱ्या. दुसरी सीमा, टोकावड्याची, स्कूटीवरून पाडे पालथे घालणारी. गरोदर बायकांना शुगर होते का, झाली तर पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो, यावर त्यांचं संशोधन चाललंय. आम्हाला आधी पटलंच नाही. शुगर हा बसून खाणाऱ्या शेठ लोकांचा आजार, असंच आमच्यात समजतात. आमच्या बाया भाताची लावणी करणाऱ्या, अंगावर मूठभर मांस नाही, त्यांना कुठली शुगर? मॅडम म्हणाल्या, "काकी, तेच तर बघायला आलोय. बारीक बायकांनाही होते."

मी काही कुणाच्यात डोकावत नाही. ओटीवर बसून तांदूळ निवडते. आता तांदूळ डोळ्यांनी निवडतात, कान मोकळेच राहतात, त्याला मी काय करणार?

*

खोली उघडली त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. गावात बातमी अशी फिरली, की रस्त्याकडेच्या खोलीत साखरेचं ऑफिस झालंय. दिवाळी तोंडावर. सकाळी सकाळी वरच्या आळीचे एक आजोबा रेशन कार्ड आणि पिशवी घेऊन दारात उभे.

सीमानं समजावलं, आजोबा, इथे साखर मिळत नाही. आजोबा हलेनात. सरकारी माणसं आधी नाही म्हणतात, मग देतात, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

शेवटी सीमा म्हणाली, "अहो, इथे साखर फक्त मोजतात."

"मोजूनच दे गो," आजोबा पिशवीचं तोंड उघडून म्हणाले. "अंदाजानं नको."

*

दुसरा किस्सा उपासाचा. शुगरची तपासणी करायची तर सकाळी काही न खाता यायचं, मग ग्लुकोजचं पाणी प्यायचं, मग बसून राहायचं. मॅडमनी सगळ्या बायकांना फोनवर निरोप पाठवला, स्वतःच्या आवाजात, गोड शब्दांत: "उद्या सकाळी सगळ्यांनी उपवास करून यायचं आहे."

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. नटून आल्या, कारण मॅडम बोलावतात म्हणजे काहीतरी कार्यक्रम असणार. आमच्या समोरच्या घरातली मनीषाही होती. हिचं नाव लक्षात ठेवा, पुढचं सगळं हिच्यावरूनच आहे. रक्त घ्यायच्या आधी मॅडमनी सहज विचारलं, कोणी काही खाल्लं नाही ना?

सगळ्या एका सुरात नाही म्हणाल्या.

तेवढ्यात एकीला ढेकर आला. मॅडमनी चष्मा वर केला. मग एकेकीला विचारणं झालं. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, शेंगदाण्याचा लाडू. मनीषानं तर वरून केळंही खाल्लं होतं.

"अगं, काही खायचं नव्हतं ना!" मॅडम रडकुंडीला आल्या.

मनीषा म्हणाली, "आमी कुठं काय खाल्लं, मॅडम? उपासाचंच खाल्लं."

तेव्हापासून सीमा निरोप देते तो असा: पाणी सोडून तोंडात काही घालायचं नाही, देवाचंसुद्धा नाही.

*

तपासणी पुन्हा झाली आणि मनीषाची शुगर जास्त निघाली. आता इथे एक अडचण होती, जी पुण्याच्या माणसाला कळणार नाही. मनीषाच्या सासूचं नाव साखराबाई.

साखराबाई म्हणजे आमच्या आळीतलं मोठं प्रस्थ. नवरा होता तोवर त्याला तिनं मान वर करू दिली नाही. बैल तिच्या आवाजानं वळतो. मनानं फार चांगली बाई, पण ते मन कुठे आहे ते शोधायला वेळ लागतो.

मॅडम संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या. मनीषाचा नवरा दत्तू पुढे बसला होता. तो शहापूरला एका गॅरेजात कामाला आहे, स्वभावानं गरीब. मी आपली हळदीची वाटी परत द्यायला म्हणून नेमकी तिथेच गेले होते.

मॅडमनी त्याला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "दत्तूभाऊ, तुमच्या बायकोला साखरेचा त्रास आहे."

दत्तूनं एकदा आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ते मला ठावं हाय, मॅडम. लग्न झाल्यापासनं हाय."

मॅडम चमकल्या. "आधीपासून आहे? मग कोणी सांगितलं नाही?"

"सांगून काय उपेग? घरातली गोष्ट."

"असं दडवून चालणार नाही. साखर कंट्रोलमध्ये ठेवावी लागेल. तुम्ही मनावर घेतलंत तर सहज जमेल."

दत्तूनं हात जोडले. "मॅडम, माझ्या बापाला जलमभर जमलं नाय. मला काय जमतंय?"

आतून आवाज आला, "कोण कंट्रोल करतंय मला? भायेर येऊन बघते त्याला!"

मॅडमना मी दुसऱ्या दिवशी उलगडून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की खुर्चीतून पडायच्या राहिल्या. पण त्या दिवसापासून त्यांच्या खोलीत "साखर" शब्द बंद. फक्त "शुगर".

*

हा पुढचा किस्सा म्हणावा असा नाही, पण तो सांगितल्याशिवाय बाकीचे कळणार नाहीत.

मनीषाचं हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी मुलगा झाला होता, चांगला मोठा. एवढा मोठा की बघायला आळी लोटली. साखराबाईनं अभिमानानं सगळ्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी पोर सुस्त पडलं, दूध ओढेना, अंग थरथरायला लागलं, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत गेलं. आम्ही सगळ्या म्हणालो, दृष्ट लागली. दुसरं काय म्हणणार होतो?

शुगर निघाली त्या दिवशी साखराबाई माझ्या ओटीवर येऊन बसली. चहा घेतला नाही. मग म्हणाली, "लीला, पयल्याला पण हेच असंल का गो?"

मला काय ठाऊक? मी मॅडमना हाक मारली. मॅडम आल्या, तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, असू शकेल, पण आता खात्रीनं सांगता येणार नाही.

साखराबाई उठली. "नाय सांगता येत तर नको सांगू. ह्या टायमाला काय करायचं ते सांग."

*

आणि मग मॅडमनी पहिलीच गोष्ट सांगितली ती भात कमी करायची!

आमच्याकडे भात म्हणजे जेवण. बाकी जे काय ताटात असतं ते तोंडी लावणं. पोटुशी सून आणि भात कमी, हे ऐकून साखराबाईला वाटलं मॅडमची काहीतरी चूक होतेय. पण काय करायचं ते तिनंच विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या एक वाटी, तर एक वाटी. नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी, आठवड्यातून दोनदा सुके बोंबील नाहीतर अंडं. सगळं बिनचूक.

तरी शुगर उतरेना. सीमा रोज मशीन घेऊन जाई, बोटाला टोचे, आकडा बघून तोंड पाडून परत येई. मॅडम हैराण. शेवटी त्या स्वतःच जेवायच्या वेळेला जाऊन बसल्या. मनीषानं एक वाटी भात खाल्ला, भाकरी खाल्ली, हात धुतला. मॅडम खूश. तेवढ्यात साखराबाईनं तांब्याभर पेज आणून सुनेच्या हातात दिली.

"हे काय?"

"पेज."

"ही रोज पिते?"

"सकाळी नि दुपारी. तुमी खायचं सांगितलंत, प्यायचं नाय बोललात."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "अहो आजी, पेज म्हणजे भातच की!"

साखराबाई म्हणाली, "मंग ऊस म्हणजे गवतच."

पेज बंद झाली आणि शुगर उतरायला लागली. पण तीन दिवस साखराबाई मॅडमशी बोलली नाही.

*

जेवण झाल्यावर मनीषानं थोडं चालायचं, असंही सांगितलं होतं. हे ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे कामाशिवाय कोणी चालत नाही. चालणारा माणूस कुठेतरी चाललेला असतो.

पहिल्या दिवशी मनीषा मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि परत आली. वाटेत जो भेटेल तो विचारणार, "कुठं चाललीस?" ती म्हणायची, कुठं नाय. पोटुशी बाई, भर दुपारची, हातात काही नाही, आणि म्हणते कुठं नाय! दुसऱ्या दिवशी धसईच्या बाजारात बातमी, की साखराबाईनं सुनेला घराबाहेर काढली. मनीषाचा भाऊ तडक एसटी पकडून आला, भांडायच्या तयारीनं. साखराबाईनं त्याला जेवायला घातलं आणि सुनेबरोबर फेरी मारायला पिटाळलं.

मग तिनंच तोड काढली. सुनेच्या हातात एक रिकामी बरणी दिली. कोणी विचारलं तर सांगायचं, ताक आणायला चाललेय.

झालं. कोणी शंका घेईना. उलट एक दिवस देवळाजवळच्या घरातली बाई म्हणाली, अगं रोज एवढी लांब कुठे जातेस, आमच्याकडं म्हैस हाय, घेऊन जा. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातून हाक आली. पोटुशी बाई ताकासाठी वणवण फिरते, हे गावाला बघवेना. मनीषाला नाही म्हणता येईना. बरणी जायची रिकामी, यायची भरलेली.

साखराबाईच्या घरी म्हैस नाही. पण त्या दिवसांत आमच्या आळीत ताक मागायला लोक तिच्याकडे जायचे.

*

शुगरवाल्यांच्या खोलीत बाळांचं वजन करायचा काटा आहे. वरून टांगलेला, खाली झोळी. आजूबाजूच्या पाड्यांवरची नवी बाळं तिथे आणतात. आमच्यात बाळ तोलत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. सीमाला एकेका आजीची मनधरणी करावी लागते.

एक दिवस असंच एक बाळ झोळीत होतं आणि साखराबाई दारात उभी राहून बघत होती. हल्ली ती रोज काहीतरी निमित्त काढून यायची. सीमा आनंदानं म्हणाली, वा, चांगलं वजन आहे हो! साखराबाईचा चेहरा उतरला. ती तरातरा घरी गेली, काजळाची डबी घेऊन आली. बाळाला तीट लावेल म्हणून त्याच्या आईनं त्याचं तोंड पुढे केलं. साखराबाईनं सरळ काट्याच्या तबकडीवर ठसठशीत तीट लावली.

"पोराला कशाला?" म्हणाली. "सगळी पोरं उचलतो तो हा. नजर लागंल तर ह्यालाच लागंल."

पुढे मुंबईहून त्यांचे मोठे साहेब काम बघायला आले. त्यांनी काट्यावरचं काळं बघून विचारलं, हे काय आहे? मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "सर, लोकल ॲडजस्टमेंट."

*

डोहाळजेवणाचा किस्सा तर सांगायलाच हवा. रीत अशी, की दोन वाट्या उपड्या ठेवायच्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पोटुशीनं एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आता शुगरवालीला पेढा कसा देणार? आणि रीत मोडली तर साखराबाई ऐकणार नाही.

बरीच चर्चा झाली. शेवटी माझंच डोकं चाललं, असं म्हणायला हरकत नाही. मुलासाठी मुळा, मुलीसाठी भेंडी. खाल्लं तरी शुगर वाढायची भीती नाही.

कार्यक्रम छान झाला. हिरवी साडी, अबोलीची वेणी, आणि ओटीत गुळाऐवजी नाचणी. मॅडमनाही बोलावलं होतं, त्या सगळ्यात पुढे बसल्या होत्या. मनीषानं वाटी उचलली. खाली मुळ्याचा तुकडा. पण नवीन रीत, कुठली भाजी कशाची हे अर्ध्या बायकांना ठाऊक नव्हतं. एकीनं मॅडमनाच विचारलं, "मॅडम, मुलगा का मुलगी?"

मॅडम ताडकन उठून उभ्या राहिल्या. "हे मी सांगू शकत नाही. कायद्यानं गुन्हा आहे."

एक म्हातारी शेजारणीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "मुळ्याची पण पोलीस केस होते?"

*

आता शेवटचा.

मनीषाला तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा गाडीत साखराबाई, मनीषा आणि मी. दत्तू कामावर होता, त्याला फोन केला. माझं तिथे काय काम, असं विचाराल तर गाडीत जागा होती. डॉक्टर मॅडम आमच्याआधीच पोचल्या होत्या.

दुपारी मनीषा मोकळी झाली. बाळ व्यवस्थित रडलं. पहिल्यासारखं मोठं नव्हतं, बेताचं होतं, आणि ते बघूनच साखराबाईला बरं वाटलं. नाहीतर कुठली आजी बाळ बारीक म्हणून खूश होते?

बाळाला लगेच अंगावर घेतलं होतं, पण ते नीट ओढत नव्हतं, गुंगीत जात होतं. काही वेळानं सिस्टर आली. बाळाच्या टाचेला हळूच टोचलं, रक्ताचा थेंब मशीनवर घेतला. आकडा बघितला आणि मॅडमकडे बघितलं. मॅडमनी विचारलं, किती? सिस्टर म्हणाली, "शुगर कमी आहे."

साखराबाईनं माझा हात धरला.

"आईला जास्त व्हती," ती म्हणाली. "पोराला कमी कशी?"

मॅडम सांगायला लागल्या, पोटात असताना बाळाला आईकडून जास्त शुगर मिळते, ती जिरवायची त्याच्या अंगाला सवय लागते, बाहेर आल्यावर तो पुरवठा तुटतो. साखराबाईनं मध्येच थांबवलं. "ते मागनं सांग. ह्याला काय करायचं ते सांग. मध चाटवू?"

"मध नको. आईचं दूध. थोडं थोडं, पण आत्ता. नाही ओढलं तर सलाइन लावू, आम्ही आहोत."

मग ही बाई, जिच्या आवाजानं बैल वळतो, ती पलंगाच्या कडेला बसली. सुनेच्या पाठीला हातानं आधार दिला, दुसऱ्या हातानं बाळाच्या तळपायाला गुदगुल्या करत राहिली. बाळ झोपलं की गुदगुली, जागं झालं की दोन घोट. मनीषा रडत होती. साखराबाई तिला म्हणाली, रडायचं ते घरी जाऊन रड, आता दूध दे. सिस्टरनं मनीषाचं दूध हातानं काढून चमच्यानंही पाजलं. हळूहळू बाळाच्या ओढण्यात जोर आला.

सिस्टर पुन्हा मशीन घेऊन आली. साखराबाईनं बाळाची टाच मुठीत झाकली.

"थांब बाय. जेवते हाय. जेवत्या माणसाला आमी उठवत नाय."

मला वाटलं, सिस्टर आता ओरडणार. पण तिनं मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, थांबूया. आणि त्या दोघी, एक हातात सुई धरून आणि एक हाताची घडी घालून, बाळाचं जेवण होईपर्यंत पलंगाशी उभ्या राहिल्या. बाळानं सावकाश पिऊन तोंड सोडलं. मग साखराबाईनं मूठ उघडली आणि स्वतः डोळे मिटून घेतले.

थेंब. मशीन. सिस्टर हसली. म्हणाली, "वाढली. आता छान आहे."

साखराबाईनं डोळे उघडले नाहीत. ओठ नुसते हलत होते.

तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. दत्तू. गॅरेजमधली ठोकाठोक आम्हाला इकडे ऐकू येत होती. तो ओरडून विचारत होता, "आये, काय झालं? काय झालं?"

साखराबाई उठून उभी राहिली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "साखर वाढली रे दत्तू! साखर वाढली!"

वॉर्डातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पलीकडची ठोकाठोक थांबली. दत्तूचा आवाज एकदम बारीक झाला.

"कोणाची?"

"पोरीची रे," साखराबाई म्हणाली. "आपल्या पोरीची."